पिशवी उजेड आहे

मे महिन्यात माहेरी गेले की रातांबे फोडायचं काम हमखास माझ्याकडे येतं. यंदाही पडवीत पाटावर बसून, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल करून मी फोडत होते आणि समोर भाची सुट्टीचा अभ्यास घेऊन बसली होती. चौथीतून पाचवीत गेलेली. वर इंग्रजी वाक्य, खाली त्याचं मराठी लिहायचं, असा तो अभ्यास. ‘द बॅग इज लाइट’ या वाक्याखाली तिने ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘पिशवी उजेड आहे.’

मला हसू आवरेना. आतून आईने विचारलं, “काय झालं गो?” मी सांगितलं. आई म्हणाली, “मग त्यात चुकलं काय? लाइट म्हणजे उजेडच ना?” आजीने बाजू घेतल्यावर भाचीला जोर चढला. मी म्हटलं, “अगं, इथे लाइट म्हणजे हलकी. जड नाही अशी.” ती जरा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, “म्हणजे काल रात्री लाइट गेली तेव्हा हलकं काय गेलं?”

उत्तर नव्हतं. शेवटी तिने खोडरबर फिरवला, पण तो जुना, काळपट डाग पाडणारा. ‘उजेड’ नीट पुसला गेलाच नाही आणि त्याच्यावरच तिने ‘हलकी’ लिहून टाकलं. वहीत आता दोन्ही शब्द एकावर एक दिसत होते. रातांबे फोडताना हात गुंतलेले आणि डोकं रिकामं असतं. त्यामुळे पुढचे दोन दिवस त्या रिकाम्या डोक्यात हाच शब्द घोळत राहिला.

आमच्याकडे लाइट स्त्रीलिंगी. लाइट गेली, लाइट आली, लायटीचा खांब, लायटीचं बिल. पण तीच लाइट बल्बात शिरली की पुल्लिंगी होते. न्हाणीतला लाइट चालू राहिला, गोठ्यातला लाइट उडाला. तारेतून येते ती बाई, वाशाला टांगलेला तो बाप्या. हा नियम आम्हाला कोणी शिकवला नाही आणि कोणी चुकतही नाही. लग्न होऊन पुण्याला गेले, तर पहिल्याच वळवाला सासूबाई म्हणाल्या, “लाइट गेले.” मला क्षणभर वाटलं, लाइट नावाचे कोणी गृहस्थ घरी येऊन गेले आणि मी चहासुद्धा विचारला नाही. वीस वर्षं झाली. अजून मी ‘गेली’ म्हणते आणि घरचे ‘गेले’ म्हणतात. मेणबत्ती मात्र एकच लागते.

वीज हा आपला चांगला शब्द हाताशी असताना आम्ही तो बोलण्यात आभाळासाठी राखून ठेवलाय. वीज चमकते, कडाडते, माडावर पडते. ‘वीजपुरवठा खंडित’ होतो तो वर्तमानपत्रात. ओटीवर बसून ‘वीज गेली’ असं कोणी म्हणालं, तर माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळावं. माझी आजी वीज म्हटलं की कानांवर हात ठेवायची आणि लाइट म्हटलं की हात जोडायची. गंमत म्हणजे इंग्रजीत आभाळातल्या विजेलाच लाइटनिंग म्हणतात. तो शब्द लाइटच्याच पोटचा.

रात्री मोबाइलवर शोधाशोध केली, तेव्हा कळलं की भाचीपेक्षा जास्त चूक इंग्रजीची आहे. उजेडाचा लाइट आणि हलका लाइट हे मुळात एक शब्दच नव्हेत. वेगवेगळ्या मुळांतून आलेले दोन शब्द जिभेवर घासून घासून सारखे झाले. शेजारच्या जर्मनमध्ये ते अजून वेगळे आहेत, उजेड तो लिश्त आणि हलकं ते लाइश्त. जर्मन पोरगी ही चूक करायची नाही. इंग्रजीत तर लिहिण्यातही फरक उरला नाही. मधे ती दोन मुकी अक्षरं आहेत, ज्यांवर शाळेत आम्ही छड्या खाल्ल्या, ती एके काळी घशातून खरोखर उच्चारली जायची. आवाज गेला, अक्षरं राहिली.

आणि या दोघांचेही भाऊबंद आपल्या घरात निघाले. उजेडाच्या लाइटचं नातं संस्कृतातल्या ‘रुच्’ धातूशी लागतं. रोचते म्हणजे झळकते, आणि मनाला भावतेसुद्धा. आपली ‘रुची’ तिथली. हलक्या लाइटचं नातं ‘लघु’शी. त्या लघुचं प्राकृतात लहुअ झालं, अक्षरांची उलटापालट होऊन हलुअ झालं आणि मराठीत आलं ते ‘हळू’ होऊन. म्हणजे लाइटच्या एका बाजूला रुची बसली आहे आणि दुसऱ्या बाजूला हळू. हे भाचीला सांगायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हळूच फोड, रस भिंतीवर उडतोय.”

तसे या शब्दाचे आणखी फाटे आहेत. फुप्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात, तो या हलक्या लाइटचाच चुलतभाऊ. तिकडच्या खाटकांकडे जनावरांच्या फुप्फुसांना सरळ ‘लाइट्स’ म्हणत आलेत, कारण सगळ्या अवयवांत तीच हलकी, पाण्यावर तरंगणारी. ‘डिलाइट’मध्ये मात्र ना उजेड ना हलकेपणा. तो फ्रेंचमार्गे आलेला परका, लाइटच्या शेजारी राहून त्याच्यासारखं स्पेलिंग करून घेतलेला. असे पाहुणे आपल्याही भाषेत कमी नाहीत. दादा वहिनीला ‘लाइट घे ना जरा’ म्हणतो आणि नंतर तासभर तिचं बोलणं ऐकून घेतो, त्या लाइटबद्दल मी लिहीत नाही.

मला खरा आनंद झाला तो लायटर सापडल्यावर. सिगारेटचा नव्हे. उथळ बंदरात मोठं जहाज आत येऊ शकत नाही, तेव्हा ते लांब नांगरून ठेवतात आणि त्याचा माल सपाट होड्यांतून काठाला आणतात. जहाजाचं ओझं उतरवून त्याला हलकं करणारी होडी, म्हणून तिचं नाव लायटर. वाचल्यावर मी मोबाइल खाली ठेवला. ही होडी मला माहीत होती. आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. तिचं नाव पडाव.

आजीच्या तरुणपणी मुंबईहून कोकणात यायचं ते आगबोटीने. बोट हर्णैच्या बाहेर खोल पाण्यात उभी राही. मग काठावरून पडाव येत, बोटीच्या अंगाला लागत आणि माणसं, ट्रंका, सगळं त्यांत उतरायचं. पडाव लाटेबरोबर खालीवर होतो. तो वर येतो तेवढ्यात पाय टाकायचा. खाली जायला लागल्यावर टाकला तर मधल्या पाण्यात. खलाशी खालून हात वर करून ओरडत असायचे, “आता! आता!” आजी तान्ह्या पोराला, म्हणजे माझ्या बाबांना, घेऊन पहिल्यांदा सासरी येत होती तो दिवस चांगला पावसाच्या तोंडचा. “आधी पोर दिलं,” ती सांगायची, “मग ट्रंक दिली, मग मी.” पोर खलाशाच्या हातात दिलं आणि मधे एक लाट गेली, तेवढा वेळ ती बोटीच्या दारात रिकाम्या हातांनी उभी होती. “हात इतके हलके झाले गो, की भीती वाटली.” बाकीची गोष्ट दर वेळी थोडी बदलायची, समुद्र कधी कमी खवळलेला असायचा, कधी जास्त. हे वाक्य कधी बदललं नाही.

स्टेशनवर गाडीतून उतरण्यासाठी जो ‘अलाइट’ शब्द वापरतात, तोही याच घरचा. घोड्यावरून माणूस उतरला की घोड्याचं ओझं कमी होतं, म्हणून उतरणं म्हणजे हलकं करणं. हर्णैला आजी अलाइट झाली, असं म्हटलं तर आगबोट तेवढी हलकी झाली. आजी नव्हे.

आई लग्न होऊन आली तेव्हाही घरात लाइट नव्हती. कंदील होते, स्वयंपाकघरात चिमणी होती आणि कंदिलाच्या काचा राखेने पुसायचं काम नव्या सुनेचं. इकडे आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून येऊन वीज करत होतं. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि मुंबईची लाइट गेली. आजोबा मिस्कीलपणे म्हणायचे, “आमची नाही गेली. आमच्याकडे नव्हतीच.” आमच्या वाडीत ती आली १९७६ च्या पावसाळ्याआधी. आजोबांनी खांबासाठी आपल्या आगरातली जागा दिली, तालुक्याला चार खेपा घातल्या, फॉर्मवर सह्या केल्या. माजघरात एक, ओटीवर एक आणि गोठ्यात एक असे तीन बल्ब लागले. गोठ्यातल्या बल्बाखाली म्हैस रात्रभर उभी राहिली, बसेचना, असं आई सांगते.

तेव्हापासून आईची एक सवय आहे. तिन्हीसांजेला बटण दाबलं की ट्यूबलाइटला हात जोडते. देवापुढे निरांजन लावून झालेलं असतं, तरी हा नमस्कार वेगळा. पण बंद करताना तोच मान नाही. निरांजन कधी विझवत नाहीत. शांत करतात, मालवतात, फार तर निरोप देतात. लाइट मात्र आमच्याकडे ‘घालवतात’. “ती पडवीतली लाइट घालव गो” असं आई इतक्या सहज म्हणते, की जणू दारात आलेलं कुत्रं. (बघा, इथे बल्बसुद्धा स्त्रीलिंगी झाला. माझा वरचा नियम आईला लागू नाही.) ट्यूबलाइटचा एक उपयोग आता संपला. व्होल्टेज कमी असलं की ती लुकलुक करत दोन-दोन मिनिटं पेटायची नाही, त्यावरून उशिरा समजणाऱ्याला ट्यूबलाइट म्हणायचे. आता एलईडी नळ्या झटकन लागतात. भाचीला ही शिवी कळत नाही, तिला समजावून सांगावी लागली. शिवी समजावून सांगायची म्हणजे तिच्यातला दमच गेला.

एलईडीवरून आठवलं. रात्री कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावरून समुद्राकडे पाहिलं, तर कधी कधी क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. नवख्याला वाटावं, पलीकडे गाव आहे. त्या लाइटवाल्या बोटी. जनरेटरवर मोठाले दिवे लावून पाण्यावर उजेड पाडायचा, त्याला भुलून मासळी गोळा झाली की जाळं फिरवून सगळी एकदम उचलायची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली. दिवे दिसतात ते दिसतातच. आमच्याकडे सकाळी मासळी घेऊन येणारी मावशी टोपली उतरवताना म्हणाली, “बघ, उचलून बघ.” टोपलीत तळाला चार बांगडे आणि मूठभर मांदेली. “लाइटवाल्यांचं जाळं जड आणि आमची टोपली हलकी.” तिला इंग्रजी येत नाही. मी मात्र दचकले. त्या लाइटवर बोलायचं तर तिच्याइतकं नेमकं मला जमणार नाही, म्हणून मी गप्प चार बांगडे घेतले.

त्याच अंधारात कनकदुर्गावरचं दीपगृह आपल्या लयीत लुकलुकत असतं. प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली असते. किती झोत, मधे किती अंधार, यावरून खलाशाला कळतं आपण कुठे आहोत. शाळेत असताना सहलीत आम्हाला असंच एक दीपगृह दाखवायला नेलं होतं. वरच्या खोलीत काचेच्या कंगोऱ्यांचं, माणसापेक्षा उंच भिंग. दिवसा त्याच्याभोवती पडदे ओढलेले, कारण ऊन उलट्या बाजूने आत शिरलं तर तेच भिंग आग लावील. तिथल्या गृहस्थांनी एक पडदा बाजूला केला, आम्हाला सांगितलं की हे एक टनापेक्षा जास्त आहे, आणि करंगळीने ते फिरवलं. सगळं धूड आवाज न करता फिरायला लागलं. खाली गोल चरात पारा असतो आणि भिंग त्यावर तरंगतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा फक्त ते बोट आठवत राहिलं.

परवा जेवताना हे सगळं मी भाचीला जमेल तसं सांगत होते, तर दादा म्हणाला, “माळ्यावर बत्ती आहे, ती दाखव तिला.” बत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स. शिमग्यात नमनाचे खेळे अंगणात यायचे तेव्हा घरात लाइट असूनही काका ती काढायचे, कारण संकासूर ऐन रंगात आलेला असताना लाइट गेली तर काय करता? बत्ती लावणं हा नमनाआधीचा खेळ होता. आम्ही मुलं काकांभोवती कोंडाळं करून बसायचो. पाकिटातून ते मेंटल काढायचे. जाळीच्या कापडाची, लिंबाएवढी पांढरी पिशवी. ती दोरीने नळीला बांधायची, स्पिरिट पेटवायचं, पिशवी आधी काळी पडायची, आक्रसायची, कापड सगळं जळून जायचं आणि उरायचा तो राखेचा सांगाडा, पिशवीच्याच आकाराचा. मग काका पंप मारायचे. एक, दोन, दहा. फुस्सकन आवाज व्हायचा आणि त्या राखेतून असा पांढरा उजेड फुटायचा, की अंगणातल्या माडांच्या सावल्या थेट शेजारच्या कौलांवर जाऊन पडायच्या. त्या पिशवीला बोट लावायचं नाही, हा कडक नियम. फुंकर जोरात लागली तरी ढासळेल. पतंग आपटला तर भोक.

कापड थोरियम आणि सेरियम या धातूंच्या क्षारांत भिजवलेलं असतं. कापड जळतं, क्षारांचे ऑक्साइड उरतात. ते जळत नाहीत, तापून झळाळतात. ऑस्ट्रियातल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने ही युक्ती १८८० च्या दशकात काढली. त्याच्या आधी नाटकांत लाइमलाइट होता, म्हणजे चुन्याची कांडी ज्वाळेत तापवून केलेला प्रकाश. टॉमस ड्रमंड नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाने तो १८२५ साली आयर्लंडच्या डोंगरावर लावला, तेव्हा शंभर किलोमीटरवरून दिसला होता. प्रकाशझोतात येणं म्हणजे मुळात चुन्यात येणं. आमचा संकासूर बत्तीखाली नाचायचा, तोही त्याच जातीच्या उजेडात.

दादाने बत्ती खाली आणली. पंपातला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालेला, टाकी गंजलेली, घरात रॉकेलचा थेंब नाही. लागणं शक्यच नव्हतं. पण खोक्यात मेंटलचं एक न फोडलेलं पाकीट निघालं. मी ते फोडून पिशवी भाचीच्या तळहातावर ठेवली. तिने हात वरखाली करून पाहिला. डोळे मिटून पाहिला. काहीच कळत नव्हतं, हातावर काही आहे की नाही. “ही पेटते?” तिने विचारलं. “हिचाच उजेड.” तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उठून वही घेऊन आली. खोडलेल्या वाक्यापाशी बोट ठेवून म्हणाली, “मग माझं बरोबर होतं.” आई भाताचं वाटप थांबवून हसायला लागली. मी खटला हरले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, तेव्हा मी पुण्यात घरात कोंडलेली. फोन लागत नव्हते. चौथ्या दिवशी दादाने कुठल्याशा टेकडीवर चढून फोन केला. माणसं ठीक, कौलं गेली, आगरातले अर्धे माड आणि पोफळी आडव्या. “लाइट?” मी विचारलं. “लाइट कुठची? खांबच नाहीत.” पुढे खांब आले ते वाडीतल्या सगळ्या माणसांनी दोर लावून ओढले, डोंगरातून, चिखलातून. महिना होत आला तेव्हा लाइट आली. मधल्या काळात आईशी बोलणं झालं, तेव्हा ती म्हणाली, “आठ वाजता झोपतो. रात्री समुद्र ऐकू येतो. इतकी वर्षं फ्रिज ऐकू यायचा.” लाइट आल्यावर तिने बटण दाबलं, हात जोडले आणि मग भिंतीकडे बघून म्हणाली, “बाई गो, घर केवढं काळं झालंय!” महिनाभर कंदिलाच्या उजेडात ते दिसलंच नव्हतं.

नुकसानीच्या कागदांसाठी लाइट बिल जोडायला सांगितलं. बिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तेव्हा तीस वर्षं होत आली होती. घर, आगर, सातबारा, सगळं हळूहळू पुढच्या नावांवर आलं, बिल तेवढं राहिलं. दर महिन्याला त्यांच्या नावाने येतं, दादा भरतो. यंदा त्याने नाव बदलायचा फॉर्म आणून ठेवला होता. जेवण झाल्यावर बत्ती परत खोक्यात भरताना त्याने तो आईपुढे धरला, सही कर म्हणून.

आईने चष्मा लावला, फॉर्म वाचला, घडी घातली आणि मेंटलच्या रिकाम्या पाकिटाबरोबर खोक्यात टाकला.

“लाइट मामंजींनी आणली,” ती म्हणाली. “त्यांच्या नावावर असू दे. तू आपला भर.”